गटाराचं नगरसेवक बघतील, आपण दिल्लीचं सांगा: पुण्याच्या खासदारांना आणि होऊ घातलेल्या उमेदवारांना खुलं पत्र

प्रति,
पुणे, बारामती, शिरूर आणि मावळ या मतदारसंघांचे विद्यमान खासदार,
तसेच पुढच्या लोकसभेला इथून उभं राहायची ज्यांची तयारी सुरू आहे ते सर्व

महोदय, महोदया,

लोकसभेच्या प्रचारात दाराच्या फटीतून सरकवली जाणारी पत्रकं कधी ओळीनं वाचून पाहा. नवी ड्रेनेज लाइन, वाढीव पाणी, उद्यानात ओपन जिम, पीएमपीच्या जादा बस, मिळकतकरात सवलत. सगळं हवंच आहे, पण यातलं एकही काम खासदाराचं नाही. ड्रेनेज महापालिकेचं. पीएमपी ही पुणे आणि पिंपरी-चिंचवड महापालिकांची कंपनी. खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर या चार धरणांत मिळून २९ टीएमसीच्या (अब्ज घनफुटांच्या) आसपास पाणी मावतं. त्यातलं शहराला किती आणि दौंड-इंदापूरच्या शेतीला किती, हे कालवा सल्लागार समितीत ठरतं आणि तिथे राज्याच्या मंत्र्यांचा शब्द चालतो. काम झालं नाही की पाच वर्षांनी 'महापालिका ऐकत नाही' असं उत्तर मिळतं, आणि ते खरंही असतं.

महामार्ग, रेल्वे, विमानतळ, पीएफची पेन्शन, कॅन्टोन्मेंट, नदीसाठी आलेला केंद्राचा पैसा हे विषय मात्र थेट दिल्लीचे आहेत. त्यांच्याबद्दल बहुतेक पत्रकांत 'जागतिक दर्जाच्या सुविधा' याच्या पुढे एक शब्द नसतो. हे पत्र त्या विषयांबद्दल आहे.

लोकसभेचं मतदान २०२९ मध्ये आहे, मग आत्ताच कशाला, असं विचाराल. खाली लिहिलेल्या कामांना दोन-तीन वर्षं लागतात म्हणून. मतदानाच्या आधी पंधरा दिवस ती कुणालाच करता येणार नाहीत.

सही करणारे आम्ही ईपीएसचे, म्हणजे पीएफच्या पेन्शन योजनेचे, पेन्शनर आहोत, लोणावळा लोकलचे पासधारक आहोत, कॅन्टोन्मेंटचे रहिवासी आहोत आणि बाह्यवळण महामार्गालगतच्या सोसायट्यांत राहणारे आहोत. आपापल्या हकिगती सांगायला हे पत्र लिहिलेलं नाही. कामाचंच बोलतो.

आधी एक घोळ निस्तरू. पुणे लोकसभा मतदारसंघ म्हणजे पुणे शहर नव्हे. त्यात वडगाव शेरी, शिवाजीनगर, कोथरूड, पर्वती, पुणे कॅन्टोन्मेंट आणि कसबा पेठ एवढेच विधानसभा मतदारसंघ येतात. खडकवासला बारामतीत. हडपसर आणि भोसरी शिरूरमध्ये. पिंपरी आणि चिंचवड मावळात, तेही घाटाखालच्या पनवेल-उरणच्या जोडीनं. धायरीचा माणूस मिळकतकर पुण्यात भरतो आणि खासदार बारामतीचा निवडतो. २०२४ मध्ये त्याचं मतदान ७ मे रोजी झालं, पलीकडच्या कोथरूडचं १३ मे रोजी. याचा व्यवहारातला परिणाम म्हणजे प्रत्येक मोठ्या प्रश्नावर 'तो भाग माझ्याकडे येत नाही' हे उत्तर कायम तयार असतं. म्हणून पत्र चौघांना मिळून लिहिलं आहे.

याचं सर्वांत जिवावर बेतणारं उदाहरण म्हणजे नवले पूल. हा पूल सगळं शहर आपला मानतं, पण तो खडकवासला विधानसभेत येतो, म्हणजे लोकसभेला बारामतीत. रस्ता राष्ट्रीय महामार्ग ४८, ताबा केंद्राच्या महामार्ग प्राधिकरणाचा. २० नोव्हेंबर २०२२ ला तिथे गाड्यांची रांगच्या रांग एकमेकांवर आदळली. १३ नोव्हेंबर २०२५ ला पुन्हा मोठा अपघात झाला, माणसं गेली, गाड्या पेटल्या. दर वेळी 'ब्रेक फेल' असं छापून येतं. ब्रेक आपोआप फेल होत नाही, तो उतारावर हळूहळू मरतो. ते कसं, हे एकदा नीट समजून घ्या, म्हणजे उपाय कुठला आणि देखावा कुठला ते कळेल.

साताऱ्याकडून येणारा भरलेला ट्रक नवीन कात्रज बोगद्यातून बाहेर पडला की सलग उतार लागतो. शहाणा ड्रायव्हर इथे खालचा गिअर टाकतो. मग इंजिनच गाडीला मागे ओढून धरतं आणि ब्रेकवर भार कमी येतो. डिझेल वाचवायला जो न्यूट्रल करतो, त्याची सगळी भिस्त ब्रेकवर येते. ब्रेकचे ड्रम तापतात, लायनिंगची पकड सुटते आणि पेडल दाबूनही गाडी थांबत नाही. त्यात इंजिनच बंद केलं तर हवेच्या टाक्या भरणारा कॉम्प्रेसर थांबतो. पेडलच्या प्रत्येक दाबाबरोबर टाकीतली हवा खर्च होते आणि नवी भरली जात नाही. पॉवर स्टिअरिंगही जड होतं. असा ट्रक खाली पोचतो तो नेमका तिथे, जिथे शहराची वाहतूक सेवा रस्त्यावरून महामार्गात शिरते.

आता उपाय म्हणून काय होतं? रम्बलर मारतात, पाट्या लावतात, वेगमर्यादा आणखी खाली आणतात. एका ठिकाणी कॅमेरा असेल तर ड्रायव्हर तेवढ्यापुरता ब्रेक मारतो आणि ड्रम आणखी तापवतो. आमचं म्हणणं असं. बोगद्याच्या आधी जड वाहनांना सक्तीचा थांबा हवा. तिथे हवेचा दाब बघायचा, चाकांना हात लावून ड्रम किती तापलेत ते बघायचं आणि खालचा गिअर टाकूनच पुढे सोडायचं. उतारावर डाव्या बाजूला खोल खडीची, चढत जाणारी निसटवाट हवी. हवा संपलेला ट्रक तिथे शिरला की खडीत रुततो. उताराच्या वर आणि खाली असे दोन कॅमेरे लावून मधला सरासरी वेग मोजायला हवा. आणि सेवा रस्ते सलग हवेत, म्हणजे नऱ्हे-आंबेगावच्या दुचाकींना महामार्गावर चढावंच लागणार नाही. सेवा रस्त्याची जागा मिळवायची तर महापालिका, पीएमआरडीए (महानगर प्रदेशाची विकास यंत्रणा) आणि महामार्ग प्राधिकरण एका टेबलाशी बसले पाहिजेत. त्यांना तसं बसवणं हे खासदाराचं काम आहे. अपघातानंतरची पाहणी नको. ती पुष्कळ झाली.

दुसरा विषय पीएफच्या पेन्शनचा. भोसरी, पिंपरी, चाकण, हडपसरच्या कारखान्यांत आयुष्य काढलेल्या माणसांची ईपीएस-९५ पेन्शन. किमान पेन्शन सप्टेंबर २०१४ पासून महिना १,००० रुपये आहे. लोक म्हणतात 'सरकार देत नाही', उमेदवार म्हणतात 'पाठपुरावा करतो', आणि हिशेब कुणीच मांडत नाही. तो असा. मालकाच्या वाट्यातला ८.३३ टक्के हिस्सा पेन्शन फंडात जातो, पण पगार कितीही असला तरी साधारणपणे १५,००० वरच मोजतात. म्हणजे महिन्याला जास्तीत जास्त १,२५० रुपये. पेन्शन काढताना शेवटच्या ६० महिन्यांच्या सरासरी पगाराला सेवेच्या वर्षांनी गुणायचं आणि ७० नं भागायचं. सेवा २० वर्षं भरली असेल तर आणखी २ वर्षं धरतात. ३० वर्षं नोकरी झाली आणि सगळी वर्षं १५,००० च्या मर्यादेवर धरली तरी १५,००० गुणिले ३२ भागिले ७०, म्हणजे ६,८५७ रुपये. प्रत्यक्षात तेवढेही बसत नाहीत, कारण सप्टेंबर २०१४ आधी ही मर्यादा ६,५०० होती आणि त्या काळातली सेवा त्याच दरानं मोजतात. त्यावर महागाई भत्ता नाही. जी रक्कम ठरली ती ठरली, मग पुढची वीस वर्षं डाळ-तेलाचं काहीही होवो.

म्हणून नुसतं 'पेन्शन वाढवू' म्हणू नका. तीन गोष्टी वेगवेगळ्या सांगा: किमान रक्कम किती करायला लावणार, महागाईशी जोडणी मागणार की नाही, आणि १५,००० ची मर्यादा किती वर नेणार. मर्यादा वाढली की केंद्राचा १.१६ टक्के वाटाही वाढतो, अर्थ मंत्रालय अडतं ते तिथे. पेन्शनर मंडळींची मागणी महिना ७,५०० अधिक महागाई भत्ता अशी आहे. ती मान्य नसेल तर तसं स्पष्ट सांगा. नकार चालेल, हार घालून केलेलं फोटोसेशन नको.

रेल्वेबद्दल आम्हाला एकच खोड मोडायची आहे. 'सर्वेक्षणाला मंजुरी मिळाली' याचे फ्लेक्स. सर्वेक्षण म्हणजे मार्ग नव्हे. सर्वेक्षणानंतर सविस्तर प्रकल्प अहवाल, मग रेल्वे बोर्ड, मोठा खर्च असेल तर नीती आयोग आणि केंद्रीय मंत्रिमंडळ, मग पिंक बुकमध्ये, म्हणजे रेल्वेच्या अर्थसंकल्पातल्या कामांच्या यादीत, तरतूद, मग भूसंपादन. पिंक बुकात नाव आलं तरी समोरचा आकडा बघावा लागतो. नाममात्र तरतूद असेल तर काम कागदावर जिवंत ठेवलंय एवढाच त्याचा अर्थ. पुणे-लोणावळा लोकल १९७८ पासून धावते. ६४ किलोमीटरच्या या मार्गावर अजून अप आणि डाउन असे दोनच रूळमार्ग आहेत. मुंबईच्या एक्सप्रेस, मालगाड्या आणि लोकल, सगळ्यांना तेवढ्यातच जागा करायची. नवा मार्ग पडल्याशिवाय फेऱ्या वाढणार नाहीत, हे स्टेशनवरचा हमालही सांगेल. दौंडपर्यंत विजेवर गाडी २०१७ मध्ये आली, उपनगरी दर्जाची मागणी मात्र निवेदनांतच राहिली. पुणे-नाशिकचा मूळ मार्ग नारायणगावजवळच्या खोडदच्या रेडिओ दुर्बिणीपाशी अडला. तिथे ४५ मीटर व्यासाच्या अँटेना आहेत आणि विजेच्या गाडीच्या ठिणग्यांचा त्यांना त्रास होतो. हे काम एकट्या रेल्वे मंत्र्यांना भेटून सुटणारं नाही, अणुऊर्जा विभागालाही सोबत घ्यावं लागेल. चारही खासदारांनी सांगावं, पुणे-लोणावळ्याच्या तिसऱ्या-चौथ्या मार्गाचं प्रकरण आज वरच्यापैकी कुठल्या पायरीवर आहे. तारखेसकट.

विमानतळाचं थोडक्यात. लोहगावचं नवं टर्मिनल जुलै २०२४ मध्ये सुरू झालं, ते चांगलं आहे. पण धावपट्टी हवाई दलाची आणि लांबी तीच, २,५३५ मीटर. लांब पल्ल्याचं मोठं विमान पूर्ण भरून उडवायला ती अपुरी पडते. काचेची इमारत दाखवून 'आंतरराष्ट्रीय' म्हणता येतं, पण सिंगापूर-दुबईच्या पलीकडचं तिकीट काढायला पुणेकर पहाटे तीनला मुंबईच्या रस्त्यालाच लागतो. धावपट्टी वाढवायच्या जमिनीचं काय झालं, तेवढं सांगा.

नदी. मुळा-मुठा प्रदूषण नियंत्रणाचा प्रकल्प २०१६ मध्ये मंजूर झाला. ९९० कोटींचा, त्यातले ८४१ कोटी केंद्राकडून, जपानच्या जायका संस्थेच्या कर्जातून. ११ मैलापाणी शुद्धीकरण केंद्रं, रोज ३९६ दशलक्ष लिटर क्षमता. काम पूर्ण करायची तारीख होती जानेवारी २०२२. भूमिपूजन झालं ६ मार्च २०२२ ला. हे वाक्य पुन्हा वाचलं तरी चालेल. इतका मोठा वाटा केंद्राचा असताना 'नदी महापालिकेची' असं म्हणून हात झटकता येणार नाहीत. आम्हाला प्रत्येक शुद्धीकरण केंद्राचे दोन आकडे दर महिन्याला हवेत: किती मैलापाणी आत आलं आणि बाहेर पडलेल्या पाण्याचा बीओडी (पाण्यात उरलेल्या घाणीचं माप) किती. केंद्र बांधून झालं आणि नाल्याचं पाणी त्याला वळसा घालून थेट नदीत गेलं, तर पहिल्या आकड्यात ते लगेच दिसतं. म्हणूनच तो आकडा कुणी छापत नसावं.

आता प्रतिनिधित्वाचं. २९ मार्च २०२३ ला पुण्याचे तेव्हाचे खासदार गिरीश बापट यांचं निधन झालं. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १५१-अ नुसार सहा महिन्यांत पोटनिवडणूक व्हायला हवी होती. मुदत एक वर्षापेक्षा कमी उरली असेल तर सूट मिळते, पण लोकसभेची मुदत जून २०२४ पर्यंत होती, म्हणजे वर्षाहून जास्त. निवडणूक झाली नाही. मुंबई उच्च न्यायालयानं डिसेंबर २०२३ मध्ये ती घ्यायला सांगितलं, सर्वोच्च न्यायालयानं जानेवारीत त्याला स्थगिती दिली, तोवर सार्वत्रिक निवडणूक येऊन ठेपली. त्याच काळात महापालिकेतही लोकप्रतिनिधी नव्हते. मार्च २०२२ पासून जानेवारी २०२६ च्या निवडणुकीपर्यंत प्रशासकाचं राज्य होतं. आणि पुणे, खडकी, देहूरोडच्या कॅन्टोन्मेंट बोर्डांची शेवटची निवडणूक झाली ती जानेवारी २०१५ मध्ये. एप्रिल २०२३ ची जाहीर झालेली तारीख महिनाभर आधी रद्द केली. घोरपडी बाजारात किंवा खडकीत राहणाऱ्या माणसाला २०२३ च्या त्या उन्हाळ्यात ना बोर्डावर निवडून दिलेला सदस्य होता, ना खासदार. कचऱ्याची गाडी आली नाही तर त्यानं सांगायचं कुणाला?

कॅन्टोन्मेंटचा नागरी भाग महापालिकेत जाणार असं ऐकत आलो आहोत. जाणार असेल तर केव्हा, पाणी-ड्रेनेजच्या जुन्या वाहिन्यांचा खर्च कोण करणार, कर्मचाऱ्यांच्या पेन्शनचा बोजा कुणाकडे? जाणार नसेल तर निवडणूक कधी? संरक्षण मंत्रालयाचा हा विषय आहे, इथे नगरसेवकाकडे बोट दाखवायचीही सोय नाही.

शिरूर आणि बारामतीच्या मंडळींसाठी कांद्याची एक आठवण. निर्यातबंदी ८ डिसेंबर २०२३ ला आली आणि ४ मे २०२४ ला उठली, बारामतीच्या मतदानाच्या तीन दिवस आधी. तेही टनाला ५५० डॉलर किमान दर आणि ४० टक्के शुल्क ठेवून. मंचर-चाकणच्या बाजारात उन्हाळ कांदा ओतून बसलेल्या शेतकऱ्याला हा योगायोग नीट कळला. बंदी घालायची तर किती दिवस आधी सांगणार, कांद्याचा दर किती झाला की ती लागू होणार, हे नियमात लिहून घ्या.

खासदार निधीवरून फार ऐकवू नका, ही विनंती. वर्षाला ५ कोटी. पुण्यात मतदार वीस लाखांहून जास्त, म्हणजे माणशी पंचवीस रुपयेही येत नाहीत. दोन अमृततुल्य चहा. त्यातून बसथांबे आणि हायमास्ट होतात, होऊ द्यात. खरी ताकद दुसरीकडे आहे. लोकसभेत रोज २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न लागतात. अतारांकित प्रश्नाला लेखी उत्तर मिळतं आणि मंत्रालयाला आकडा द्यावाच लागतो. चौघांपैकी कुणी मंत्री असेल तर त्यांना प्रश्न विचारता येत नाहीत, मग बाकीच्या तिघांनी विचारावेत. प्रश्नांखेरीज एखादा विषय सभागृहात मांडायला नियम ३७७ आहे. केंद्राच्या योजनांचा आढावा घेणारी जिल्ह्याची 'दिशा' समिती आहे, ती तीन महिन्यांतून एकदा बसायला हवी आणि तिचं अध्यक्षपद खासदाराकडेच असतं.

आमच्या मागण्या या आहेत.

नवले पुलाच्या उतारासाठी चारही खासदारांनी एकत्र बैठक लावावी आणि सक्तीचा थांबा, निसटवाट, सरासरी वेगाचे कॅमेरे, सेवा रस्ते यांचं वेळापत्रक प्राधिकरणाच्या सहीनं जाहीर करावं. ही मागणी सर्वांत आधी.

ईपीएसच्या तिन्ही मुद्द्यांवर आपली भूमिका आकड्यात लिहावी.

लोणावळा मार्ग, धावपट्टी आणि कॅन्टोन्मेंटचं विलीनीकरण यांवर येत्या अधिवेशनात प्रत्येकी एक अतारांकित प्रश्न टाकावा आणि उत्तर मराठीत आपल्या कार्यालयाबाहेर लावावं.

'दिशा' समितीच्या बैठकीचं इतिवृत्त, शुद्धीकरण केंद्रांच्या मासिक आकड्यांसकट, पंधरा दिवसांत सर्वांना वाचायला मिळावं.

उमेदवारी मागणाऱ्यांसाठी वेगळं. वरच्या विषयांतले ज्यांना हात घालणार नाही तेही पत्रकावर छापा. पत्रकाच्या मागची बाजू बहुधा कोरीच असते, जागा पुरेल.

आपले,
पुणे शहर आणि उपनगरांतले काही मतदार